जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीत पाणी परत परत येतंय? पॅच मारायच्या आधी हे तपासा

दसरा झाला, पाऊस थांबला की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "गेल्या वर्षी जिथे पॅच मारला होता ना, तिथूनच परत पाणी यायला लागलंय, आता काय लावू?" काय लावू हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे, पण सगळे सुरुवात तिथूनच करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

मी नेरूळला राहतो, माझी २१ फुटी शिडाची बोट बेलापूरच्या खाडीत मुरिंगला (तळातल्या वजनाला बांधून) असते, ऐंशीच्या दशकातली, पूर्ण फायबरची. ती आणि ओळखीतल्या सात-आठ जुन्या बोटी मिळून हा एकच आजार गेल्या दहाएक वर्षांत मी इतक्या वेळा बघितलाय की आता त्याची चाल कळते. दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक वेळी निघाल्या. एक, पाणी आत जिथे दिसतं तिथून ते शिरत नसतं. दोन, ओल्या फायबरवर मारलेला पॅच एक पावसाळा काढतो आणि सुटतो, मग तो कितीही महागाच्या मटेरियलचा असो. खालचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय काय आहे ते आधी लिहून काढा, कारण पुढे कुठली तपासणी करायची ते यावरूनच ठरतं.

बोट नुसती उभी आहे, कोणी चालवली नाही, तरी रोज बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या खोलगट भागात) पाणी साठतं.
उभी असताना कोरडी असते पण शिडावर कलून चालवली की पाणी येतं.
फक्त पावसानंतर पाणी दिसतं.
उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भरतीला) जास्त येतं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, लहान भरतीला) जवळपास बंद होतं.
बोट वर काढल्यावर पाण्याच्या रेषेखाली फोड दिसतात, वाटाण्याएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे, आणि फोडले की आतून चिकट, आंबूस वासाचं पाणी निघतं.
जेलकोटवर (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) बारीक चिरा, एका बिंदूतून चांदणीसारख्या फुटलेल्या नाहीतर एकमेकींना समांतर.
पाय दिला की डेक दबतो, किंवा तळाला अंगठ्याने जोर दिला की लवतो.
बोट बाहेर काढून आठवडा झाला तरी कीलच्या (बोटीखालच्या जड पंखाच्या) सांध्यातून किंवा सुकाणूच्या खालच्या टोकातून तांबूस पाणी टिपकत राहतं.
जुन्या पॅचची कड नखाने उचलता येते.

आता तपासण्या, फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका असं कळकळीने सांगतो, कारण ग्राइंडर एकदा लावला की जो भाग चांगला होता तोही उघडा पडतो.

१. पाणी कसलं आहे ते बघा

जुने लोक बिल्जमधलं पाणी जिभेला लावून खारट आहे की गोडं ते सांगायचे. ठाण्याच्या किंवा पनवेलच्या खाडीचं पाणी आज कोणी जिभेला लावू नये. घरात वॉटर प्युरिफायर असेल तर टीडीएस मीटर बहुतेक घरात पडलेला असतो, तो घेऊन जा. आधी घरच्या नळाचं पाणी मोजून आकडा लक्षात ठेवा, मग खाडीचं मोजा, मग बिल्जचं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात म्हणजे ३५,००० पीपीएम, आणि घरगुती मीटर बहुतेक ९,९९० च्या पुढे दाखवतच नाहीत, सरळ एरर देतात. बिल्जच्या पाण्याला एरर आला तर ते खाडीचं. आकडा शे-दोनशेच्या आत असेल तर ते पावसाचं आणि तुमचा हल (बोटीचं बाहेरचं कवच) बहुधा ठणठणीत आहे, गळती डेकवर, खिडकीच्या फ्रेमला नाहीतर डेकवरच्या एखाद्या बोल्टच्या भोकात आहे.

मधला आकडा आला, दोन-तीन हजार, तर फसू नका. पावसाचं पाणी बिल्जमधलं जुनं मीठ विरघळवतं आणि खारं होऊन बसतं. बिल्ज दोनदा गोड्या पाण्याने धुवा, स्पंजने कोरडं करा आणि पुढच्या वेळी साठलेलं पाणी मोजा. ऐन पावसात हे करू नका, तेव्हा वरून एवढं गोडं पाणी उतरतं की खाडीचाच आकडा खाली आलेला असतो.

ही तपासणी पहिली अशासाठी की पाच मिनिटांत अर्धी बोट संशयातून बाद होते. पावसाचं पाणी निघालं तर बोट वर काढायचा खर्चच वाचला.

२. कधी येतं ते वहीत लिहा

दोन आठवडे. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड. प्रत्येक वेळी स्पंजने पूर्ण उपसायचं, बादलीत मोजायचं, किती लिटर, कधी, भरती होती की ओहोटी, बोट चालवली होती का, पाऊस होता का. दोन आठवडे कारण तेवढ्यात एक उधाण आणि एक भांग दोन्ही होऊन जातात.

रोज सारखंच येतं, उधाण-भांगाने फरक पडत नाही, तर सतत पाण्याखाली असलेलं काहीतरी गळतंय, एखादं फिटिंग नाहीतर होज (नळी). कलल्यावरच येत असेल तर पाण्याच्या रेषेच्या वरचं बघा, हल आणि डेकचा सांधा, रबरेलचे (कडेच्या धक्का-पट्टीचे) स्क्रू. आणि उधाणाला जास्त येत असेल तर बोट ओहोटीला खाडीच्या तळावर बसते आणि तिथे काहीतरी होतंय, असं धरून चाला.

हे शेवटचं आपल्या भागात फार होतं. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, आतल्या खाड्यांमध्ये तर पूर्ण ओहोटीला चिखलच उघडा होतो. दिवाळे गावातल्या एका तांडेल (होडी चालवणाऱ्या) काकांनी मला शिकवलेला हिशोब असा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि खाडीच्या आत जाल तसं पाऊण-एक तास इकडेतिकडे. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-साडेसहाला. त्या वेळी जाऊन आपली बोट कशावर बसते ते डोळ्यांनी बघा.

वाशीच्या बाजूला एका मित्राची बोट होती, उजव्या बाजूला तळाला दर वर्षी त्याच जागी चांदणीसारखी चीर, दर वर्षी तो ती भरायचा, अगदी नीट भरायचा, कामात खोट नव्हती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं गुडघाभर चिखलातून चालत गेलो तर बोटीखाली गाळात जुन्या मुरिंगचा सिमेंटचा ठोकळा, वरचा कोपरा फक्त वीतभर बाहेर, आणि त्या कोपऱ्यावर त्याच्याच बोटीचा निळा रंग घासलेला. बोट रोज दोनदा त्यावर बसत होती. मुरिंग वीस फूट सरकवलं, शेवटची एकदा चीर भरली, त्यालाही आता पाच वर्षं झाली, परत आली नाही. चीर भरणं आणि चीर पडायचं कारण काढणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं राहिलं तर पहिलं दर वर्षी करावं लागतं.

३. आतून वाट शोधा

बिल्ज पूर्ण कोरडं करा, जुन्या बनियनने पुसून. मग संशय असेल तिथे टाल्कम पावडर नाहीतर खडूची पूड भुरभुरवा आणि प्रत्येक फिटिंगच्या मुळाशी टिश्यू पेपरचा वेढा घाला. फळ्या, लॉकर सगळं उघडं ठेवा आणि एक भरती आत बसून काढा. पावडरीत पाण्याची रेघ उमटते ती उलटी पकडत जायचं, वरच्या टोकापर्यंत.

माझ्या बोटीत पाणी डोलकाठीच्या पायाशी दिसायचं. आधीच्या मालकाने बाहेरून बरोबर त्याच्याखाली पॅच मारला होता, मीही त्यावर दोनदा मारला, हात लावायचो तिथे ओलं म्हणून. पावडर टाकली त्या दिवशी कळलं की रेघ मागून येतेय, कॉकपिटखालून (बसून बोट चालवायच्या उघड्या जागेखालून). मागच्या लॉकरमध्ये डोकं घालून टॉर्च मारला तर कॉकपिट ड्रेनच्या होजला क्लिपच्या बरोबर खाली नखाएवढी चीर, क्लिप गंजून तिची कड धारदार झालेली, आणि बोट जरा हलली की त्या चिरेतून पाण्याची एक बारीक सळी आत यायची. ते पाणी आतल्या लायनरखालून (अस्तराखालून) वाहत पुढे जायचं आणि सगळ्यात खोल जागा कीलच्या वर, डोलकाठीच्या पायाशी, तिथे जमायचं. हातभर होज आणि दोन स्टेनलेस क्लिप, एवढंच काम होतं. पण तोवर तीन पॅचसाठी तळाचा चांगला भाग तीनदा घासला गेला होता, आणि ते नंतर वेगळं भरून काढावं लागलं.

बोट जमिनीवर असेल तर उलटी युक्ती करा. जिलबीचा केशरी खायचा रंग पाण्यात घालून थोडं पाणी आत ओता आणि बाहेर कुठे केशरी डाग येतो ते बघा. थोडं म्हणजे दोन-तीन बादल्या. काठोकाठ भरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि जमिनीवर बोटीला बाहेरून पाण्याचा आधार नसतो, तेवढ्या वजनाने आधाराच्या जागी हल दबून नवीच चीर पडेल.

४. फिटिंग, व्हॉल्व्ह, होज

पाण्याखालून आरपार गेलेलं प्रत्येक फिटिंग हाताने हलवून बघा, अजिबात हलता कामा नये. व्हॉल्व्ह उघड-बंद करून बघा. जाम असेल तर पाण्यात असताना जोर लावू नका, मान तुटली तर तिथून येणारं पाणी बादलीला आवरत नाही.

बोट वर असताना चाकूच्या टोकाने धातू जरा खरवडा. पिवळाधमक निघाला तर ठीक. गुलाबी, तांब्यासारखा निघाला तर ते पितळ आहे आणि खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाल्लंय, राहिलंय ते फक्त तांब्याचं सच्छिद्र भुसभुशीत कवच, एका धक्क्यात तुटतं. हार्डवेअरच्या दुकानातला नळाचा पितळी व्हॉल्व्ह पाण्याच्या रेषेखाली लावलेला मी तीन बोटींत बघितलाय, दिसायला चकाचक, आणि तिन्ही दोन-चार वर्षांत गुलाबी. तिथे ब्रॉन्झ किंवा बोटीसाठी बनवलेलं मजबूत प्लास्टिकचंच पाहिजे.

बाथरूमचं सिलिकॉन कृपा करून खाली वापरू नका. ते धरत नाही हा अर्धा भाग, उरलेला अर्धा असा की ते निघता निघत नाही, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर मग चांगलं सीलंटही चिकटत नाही. पॉलीसल्फाइड किंवा मरीन पॉलीयुरेथेन वापरा. आणि प्रत्येक फिटिंगला लाकडी निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, आजच.

५. बोट वर काढून: बघणं आणि वाजवणं

इथून खर्च सुरू. वर काढल्या काढल्या शेवाळ, कालवं, बार्नेकल ओली असतानाच खरवडा, वाळल्यावर दगड होतात. गोड्या पाण्याने धुवा. पहिले दोन तास बोटीला सोडून जाऊ नका, सगळं वाळत असताना जी जागा ओलीच राहते ती खडूने गोल करा, कारण आत शिरलेलं पाणी आता त्याच वाटेने बाहेर येतंय आणि ही संधी एकदाच मिळते.

मग अंधार पडायची वाट बघा आणि बोटीच्या हलला टॉर्च जवळजवळ टेकवून तिरपा मारा. भर उन्हात न दिसणारे फोड, खड्डे, जुन्या पॅचच्या कडा सगळ्या सावलीने उठून दिसतात.

आणि वाजवा. माठ विकत घेताना आपण बोटाने टकटक करून बघतो ना, पक्का भाजलेला खणखणीत वाजतो आणि तडकलेला भद्द, अगदी तसंच. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या, दर दोन इंचांवर हलकं टकटक, ओळीने, घाई न करता. चांगलं फायबर टणक आवाज देतं, थर सुटलेले असतील किंवा आत पाणी असेल तिथे आवाज बसका येतो. आत पार्टिशन किंवा टाकी टेकलेली असेल तिथेही आवाज बदलतो, तो दोष नाही, म्हणून डाव्या-उजव्या बाजूची तीच जागा वाजवून तुलना करा. बसक्या जागांचा कागदावर नकाशा काढून तारीख टाका. पुढच्या वर्षी तोच नकाशा सांगेल की जागा वाढतेय की तेवढीच आहे.

चिरांचं असं बघा: चांदणीसारखी असेल तर बाहेरून मार बसलाय, समांतर असतील तर तो भाग लवतोय. बारीक टोकाने एक चीर कोरून बघा. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर असतो, तेवढ्यात चीर संपली तर काम वरवरचं. खाली काचेचे धागे पांढरे पडलेले दिसले तर लॅमिनेट (फायबरचे थर) तुटलंय.

फोड फोडताना गॉगल घाला, टाळू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उडतं, आणि आम्लधर्मी असतं. फायबरमधल्या पॉलिस्टर रेझिनमधून वर्षानुवर्षं पाण्याची वाफ आत झिरपते, रेझिनमधल्या न जमलेल्या रसायनांना विरघळवते, ते दाट पाणी मग आणखी पाणी ओढून घेतं आणि जेलकोट फुगतो. मी पहिला फोड फोडला तेव्हा तपकिरी थेंब बोटावर आला, मधासारखा चिकट, व्हिनेगरसारखा वास, आणि त्या वासावरून नंतर कधी चूक झाली नाही. त्यात वास नसेल, साधं पाणी असेल, तर फोड बहुधा फक्त रंगाच्या थरांमध्ये आहे.

आता दुरुस्ती, म्हणजे आधी वाळवणं

दहा-पंधरा फोड, किंवा तळहातापेक्षा लहान एक खराब जागा, एवढं घरी होतं. उघडा, खराब भाग घासून टणक फायबरपर्यंत जा, आणि मग गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, परत धुवा, असं पाच-सहा वेळा. धुवायचं का, तर आत राहिलेली ती रसायनं आणि मीठ पाणी धरून ठेवतात आणि नुसत्या उन्हाने जात नाहीत. नंतर वाळवणं, आणि इथे आठवडे जातात, कधी महिने. वाळलं का ते कळायला पारदर्शक प्लास्टिकचा वीतभर तुकडा त्या जागी चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून धुकं धरलं तर अजून ओलं आहे, थांबा. हा एक तुकडा प्लास्टिक न लावल्यामुळे मी जेवढे पॅच सुटलेले बघितलेत तेवढे दुसऱ्या कशाने नाही.

म्हणून आपल्याकडे हे काम दिवाळी ते होळी या काळात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या होड्या वर असतात, म्हणून वाटतं आपलंही तेव्हाच करून घ्यावं. करू नका. तेव्हा हवेतच एवढा ओलावा असतो की उघडं फायबर वाळायचं सोडून आणखी पिऊन घेतं. त्या दोन महिन्यांत बोट नीट शाकारून ठेवा आणि डेकच्या गळत्या शोधा, पाऊस फुकट टेस्ट करून देतो.

घासताना कड उभी ठेवू नका, उतार द्या, जाडीच्या बारा पट. म्हणजे ५ मिलिमीटर जाडीत भोक असेल तर चारी बाजूंना ६० मिलिमीटर उतार. बघताना वाटतं एवढ्याशा भोकाला ताटाएवढा खड्डा का, पण नवं फायबर जुन्याला फक्त चिकटून राहतं, त्याला पकड मिळते ती त्या उताराच्या क्षेत्रफळातून. उभ्या कडेत भरलेला पॅच म्हणजे बाटलीचं बूच.

जुन्या पॉलिस्टरवर मी इपॉक्सीच वापरतो, चिकटायला ते कितीतरी चांगलं. इपॉक्सीबरोबर चॉप्ड मॅट (तुटक काचधाग्यांची चादर) घेऊ नका, बहुतेक मॅटमधला बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकटा) पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत मॅट नीट भिजत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या. पहिला तुकडा सगळ्यात मोठा, मग लहान लहान. रेझिन-हार्डनर वजनकाट्यावर मोजा, हार्डनर जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं. आपल्या उन्हात मग्गाभर मिश्रण दहा मिनिटांत तापून गोळा होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. सुकल्यावर वर मेणचट थर येतो तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मग घासा, नाहीतर सँडपेपर तो मेणचटपणा आत चोळतो आणि वरचा रंग सुटतो.

रबाळे-महापे एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवणाऱ्यांकडून पॉलिस्टर रेझिन सहज मिळतं, आणि पाण्याच्या रेषेच्या वरच्या लहान कामाला ते चालतं. त्याबरोबर दोन बाटल्या देतात, हार्डनर आणि कोबाल्ट. या दोन बाटल्यांतलं एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. तो हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल, हातमोजे आणि फिल्टरचा मास्क, साधा कापडी नाही.

गाड्यांना लावतात ती लांबी (पुट्टी) पाण्याखाली वापरू नका, तिच्यातली पावडर पाणी पिते आणि फुगते. दोन कांड्यांची मळून लावायची पुट्टी माझ्याही बोटीत असते, पण समुद्रात चीर पडली तर घरी पोहोचण्यापुरती.

घासण्याचं एक. खाली ताडपत्री अंथरा, ओलं घासा आणि निघालेला चोथा गोळा करून पिशवीत भरा, खाडीत सोडू नका. जुन्या तळाच्या रंगात तांबं असतं, आणि ऐंशीच्या दशकातल्या बोटीत सगळ्यात खालच्या थराला कथलाचं विष असलेला रंग असू शकतो, तो २००८ पासून जगभर बंद आहे कारण शिंपल्या-गोगलगायींची पैदास त्याने बिघडायची. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळालाय, रोहित पक्षी त्याच चिखलातलं खातात आणि दिवाळे आणि सारसोळे गावांचे लोक त्याच पाण्यातलं मासळी-कालवं आणतात. आपली बोट दुरुस्त करताना त्यांच्या ताटात विष टाकायचा आपल्याला काहीही हक्क नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कीलच्या सांध्याला पुढच्या टोकाशी हसल्यासारखी चीर असेल, परत परत उघडत असेल, आतून बोल्टभोवती गंजाचं पाणी असेल तर थांबा. स्टेनलेसचा बोल्ट हवा न मिळणाऱ्या ओल्या सांध्यात आतल्या आत खाल्ला जातो, वरचा नट चकचकीत असतो आणि मधली कांडी पेन्सिलएवढी उरलेली असते. बाहेरून रंग-पुट्टी करून हे झाकलं तर कील समुद्रात सुटेल, आणि कील सुटलेली बोट उलटायला क्षण लागतो. यात माणसं गेलेली आहेत. मी स्वतः कील बोल्टला हात लावत नाही.

आतली पार्टिशन हलपासून सुटलेली असतील, तळाला वीतभरापेक्षा मोठी जागा लवत असेल, हलच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असून त्यात पाणी गेलं असेल, डोलकाठीच्या तारा जिथे धरल्यात तिथे तळाला किंवा डेकला चिरा असतील, किंवा फोड शंभरांनी मोजावे लागत असतील, तर हे सगळं घरच्या कामाच्या पलीकडचं. फोड सगळ्या तळाला असतील तर पूर्ण जेलकोट सोलून, महिनोन्महिने वाळवून नवे थर द्यावे लागतात आणि ते शेडमध्येच होतं. तुमचा काढलेला नकाशा आणि पाण्याची वही मरीन सर्व्हेयरच्या (बोटी तपासणाऱ्या जाणकाराच्या) हातात द्या. त्याचं काम अर्धं होतं आणि तो मॉइश्चर मीटर नेमका कुठे लावायचा ते त्याला कळतं. जो बोट न वाजवता, आत न शिरता, बाहेरूनच आकडा सांगतो त्याला काम देऊ नका.

सुकाणूतून पाणी टिपकत असेल तर घाबरू नका, तो वेगळा, लहान आजार आहे. खालच्या टोकाला एक भोक पाडा, महिनाभर निथळू द्या, मग भरा. पण दांडा सुकाणूच्या आत खुळखुळत असेल तर आतली वेल्डिंग गेलीय, ते मात्र उघडून घ्यायला द्या.

बोट परत पाण्यात सोडाल तो दिवस मोकळा ठेवा. सकाळी भांगाच्या भरतीला उतरवा, उधाणाला नको, ओढ कमी असते आणि काही निघालं तर परत वर घ्यायला वेळ मिळतो. प्रत्येक फिटिंगला पुन्हा टिश्यूचा वेढा, बिल्ज कोरडं, सोबत बादली, खुंट्या आणि टीडीएस मीटर. भरती पूर्ण होऊन ओहोटी लागेपर्यंत बोटीवरच थांबा, दर अर्ध्या तासाने टिश्यू बोटाने चाचपून बघा. सगळे कोरडे असतील तर घरी जा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन एकदा बघा, कारण नवीन सीलंट दबून गळायला लागतं ते बहुतेक पहिल्या रात्रीच.